पागेतली कलकल

अजिंठ्याचा घाट चढण्याआधीचा शेवटचा मुक्काम म्हणजे फर्दापूर. बुऱ्हाणपूरहून औरंगाबादेकडे निघालेला वाटसरू मुघल काळात खानदेशाचं काळं सपाट रान ओलांडून इथे यायचा आणि पुढे उभी राहिलेली डोंगराची भिंत पाहून रात्रीपुरता थांबायचा. त्या थांबण्यासाठी इथे मोठी सराय उभी राहिली. लेणी पाहायला येणारी आजची गर्दी फाट्यावर उतरते, बस बदलते आणि पुढे निघून जाते. सरायीकडे वळणारे थोडेच. मला मात्र सुरुवात तिथूनच करायची आहे, कारण घोडा आणि अंगणातले पक्षी एका भिंतीच्या आत का नांदतात, हे सरायीइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे कळत नाही.

रस्त्यावरच्या माणसाला झाडाखालीही झोप लागते. भिंत लागत होती ती घोडे, बैल आणि उंटांसाठी. दिवसभर चाललेला घोडा रात्री चोराने नेला किंवा वाघाने धरला, तर सकाळी घाट चढायचा कसा? म्हणून चारी बाजूंना ओवऱ्या, मधे मोठं अंगण आणि दिवस मावळला की बंद होणारा दरवाजा, अशी सरायीची घडण. अंगणात अगाडी-पिछाडीने बांधलेले घोडे. ओवऱ्यांत भटियारे. ते प्रवाशाचं जेवण रांधायचे आणि घोड्याचा दाणाही शिजवून द्यायचे. दख्खनेत हा दाणा म्हणजे बहुतेक वेळा हुलगे. या कडधान्याचं इंग्रजी नावसुद्धा घोड्यावरूनच पडलं आहे. उकडलेले हुलगे तोबऱ्यात भरून घोड्याच्या तोंडाला बांधायचे. घोडा खाता खाता डोकं झटकतो, फुरफुरतो आणि दाणे सांडतात. सांडलेल्या दाण्यांवर कोंबड्या पोसायच्या आणि कोंबड्यांवर भटियाऱ्याची चूल चालायची. ही साखळी कुणी बसून आखलेली नव्हती. जिथे घोडा तिथे सांडलेला दाणा, जिथे दाणा तिथे कोंबडी. एवढ्या साध्या हिशोबावर पागा आणि खुराडं शतकानुशतकं शेजारी राहिली.

फर्दापूरचं घोड्यांशी नातं मुघलांबरोबर संपलं नाही. २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपलं नाव अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातल्या खांबावर कोरून ठेवणारा इंग्रज जॉन स्मिथ घोडदळातलाच अधिकारी होता. पुढे रेल्वे जळगावपर्यंत आली तरी तिथून पुढची वाट टांग्याची, घोड्याची आणि बैलगाडीची होती. १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घ्यायला आल्या, तेव्हा त्यांचे तंबू फर्दापुरातच पडले होते. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार होते. त्यांनी दिवे धरून ज्या भिंतींवरची चित्रं उतरवली, त्या भिंतींवर घोडेही आहेत आणि पक्षीही.

फर्दापूरपासून चार-पाच किलोमीटरवर वाघूर नदीने डोंगरात घोड्याच्या नालाच्या आकाराचं वळण कापलं आहे. त्या वळणावर लेणी आहेत. त्यांपैकी सतरावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्यात हंसजातकाची कथा रंगवली आहे. हंसांचा राजा फाशात अडकतो. ओरडावं असं त्याला वाटतं, पण थवा अजून चरतो आहे. आत्ताच हाक दिली तर सगळे उपाशीपोटी उडतील आणि वाटेत दमून पडतील, म्हणून तो पायातली वेदना सोसत गप्प राहतो. थव्याची पोटं भरल्यावरच तो ‘मी अडकलो’ अशी हाक देतो. सगळे उडून जातात. सुमुख नावाचा त्याचा सेनापती तेवढा मागे थांबतो. ही कथा सुमुखाच्या निष्ठेसाठी सांगितली जाते. मला त्यातली हाक जास्त मोलाची वाटते. ज्याने ही कथा रचली त्याने हंसांचे थवे जवळून पाहिले असणार. पाणवठ्यावर दिवसभर चाललेली कलकल वेगळी आणि एका पक्ष्याची धोक्याची हाक वेगळी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कलकल चालू असताना थवा चरत राहतो. हाक आली की पंख उघडतात.

याच लेण्यात सिंहल व्यापाऱ्याची भलीमोठी कथा आहे. राक्षसिणींच्या बेटावरून त्याला पाठीवर घेऊन उडणारा पांढरा घोडा त्यात आहे. तो घोडा कशालाच बुजत नाही. खरा घोडा मात्र बुजतो. वाऱ्याने उडालेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीलाही बुजतो. तो असा का वागतो हे समजल्याशिवाय त्याच्या शेजारी गोंगाट करणारे पक्षी ठेवावेत की नाही, या प्रश्नाला उत्तर नाही.

घोडा उघड्या गवताळ रानातलं, पळून जीव वाचवणारं जनावर आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास ३५० अंशांचा परिसर एका वेळी दिसतो. कपाळासमोरचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग तेवढा अंधारात राहतो. म्हणून ‘घोड्याच्या मागून जाऊ नये’ हे आपल्याकडे लहानपणीच बजावलं जातं. ऐकण्याच्या बाबतीत तो आपल्या पुढे आहे आणि मागेही. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला ३३,००० हर्ट्‌झच्याही थोडा वरचा. पण आवाज नेमका कुठून आला हे ओळखण्यात तो कच्चा आहे. आपण एखाद्या अंशाच्या फरकाने दिशा सांगू शकतो, घोड्याची चूक २५ अंशांच्या आसपास जाते. म्हणजे ‘काहीतरी झालं’ हे त्याला लवकर कळतं, ‘कुठे झालं’ हे नीट कळत नाही. अशा जनावराने काय करावं? कान वळवावेत, मान उंच करावी, डोळ्यांनी शोधावं आणि शंका उरली तर पळावं. आपण ज्याला बुजणं म्हणतो ते हेच. त्यात भित्रेपणाचा दोष नाही. अपुऱ्या माहितीवर घेतलेला तो शहाणा निर्णय आहे.

आता अशा जनावराला पूर्ण शांत जागी ठेवलं तर काय होतं? बरेच हौशी घोडेमालक प्रेमापोटी नेमकं तेच करतात. तबेला गावाबाहेर, भोवती उंच भिंत, आत कुणाची ये-जा नाही. तिथे वाढलेल्या घोड्याला प्रत्येक आवाज नवा असतो. दारावरची कडी वाजली तरी तो दचकतो. उलट अंगणात वाढलेलं शिंगरू पहिल्या महिन्यापासून शिकत असतं: कोंबडा आरवला आणि काहीच झालं नाही, बदकं ओरडत पायांमधून गेली आणि काहीच झालं नाही, छपरावरून कुणीतरी फडफडत खाली आलं आणि आई गवत खात राहिली. यातलं ‘आई गवत खात राहिली’ हे सगळ्यांत महत्त्वाचं. मेंदू त्या आवाजाची नोंद हळूहळू बिनकामाच्या खणात टाकतो. शास्त्रज्ञ याला सवय होणं म्हणतात. घोडेवाल्यांचा शब्द जास्त नेमका आहे: घोडं ‘रुळलं’.

पण सवय एका अटीवर होते. आवाज आल्यावर घोड्याला दूर होता आलं पाहिजे. अगाडी-पिछाडीने जखडलेल्या नव्या घोड्याजवळ वीस पक्षी सोडले, तर सवय होणार नाही, धास्ती बसेल आणि ती जन्मभर जाणार नाही. म्हणून पहिले काही दिवस पक्षी जाळीपलीकडे, घोडा मोकळा, मधे पंधरा-वीस पावलं. अंतर कमी करायचं ते घोड्याने. तो स्वतःहून जाळीला नाक लावून फुरफुरला की समजावं, ओळख झाली.

इथवर गोंगाटाचं झालं. पक्ष्यांच्या दुसऱ्या आवाजाकडे वळू, जो हंसांच्या राजाने रोखून धरला होता.

कोंबडी हे आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ बोलकं पाखरू आहे. तिच्या आवाजांचे वीसहून अधिक प्रकार अभ्यासकांनी वेगळे काढले आहेत. त्यांत धोक्याचे दोन आवाज अगदी भिन्न आहेत. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला की एक लांब, बारीक, ओढलेला सूर येतो. तो असा असतो की ओरडणारा कुठे आहे हे शिकाऱ्याला कळू नये. तो ऐकला की पिल्लं जागच्या जागी दबतात किंवा आडोशाला पळतात. जमिनीवरून मांजर किंवा मुंगूस आलं तर तुटक, मोठ्याने, पुन्हा पुन्हा होणारी ‘कॉक् कॉक् कॉक्’ सुरू होते आणि ती सगळ्या गल्लीला ऐकू जाते. कोंबड्याचं आरवणं या दोहोंपेक्षा निराळं. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की कोंबडा उजेडाची वाट पाहत नाही. त्याच्या शरीरातलं घड्याळ पहाटेची वेळ आधीच सांगतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही आपली म्हण खरीच, पण झाकलेलं कोंबडंही आरवायचं राहत नाही. त्याच संशोधकांना पुढे असंही आढळलं की एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहिली बांग मानाच्या कोंबड्याची, बाकीच्यांची नंतर, हुद्द्याप्रमाणे.

एकाची हाक दुसऱ्या जातीच्या कामी येते, हे आपल्या जंगलांत रोज घडतं. वानर झाडावरून खोकला की खाली चितळं कान टवकारतात. मोराची कर्कश आरोळी ऐकून वाटाड्या गाडी थांबवतो. अजिंठ्याच्या डोंगरातही वानरं आणि मोर आहेत आणि लेण्यांबाहेर थोडं थांबलं तर ही बोलाचाली कानांवर पडते. अंगणातही तेच घडतं. रोजच्या कलकलीत घोडा कान सैल सोडून उभा असतो. आवाजाची जात बदलली की त्याचे दोन्ही कान एकदम एका दिशेला वळतात. रात्री घोड्यांजवळ झोपणाऱ्या माणसाने हे कान वाचायला शिकावं. पहारेकऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

या कामात अंगणातल्या सगळ्या पक्ष्यांच्या पुढे आहे ती गिनी कोंबडी. मला तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण महाराष्ट्रात ती अजून नवखी समजली जाते आणि तिच्याबद्दल तक्रारीच जास्त ऐकू येतात. राखाडी अंगावर पांढरे टिपके मोजून ठेवल्यासारखे, डोक्यावर हाडाचं छोटं शिरस्त्राण, गालांखाली लोंबती कातडी आणि सदा कुठेतरी पोचायची घाई. तिचं मूळ आफ्रिकेतलं. तिथल्या गवताळ रानात तिचे थवे झेब्र्यांच्या आजूबाजूला चरतात आणि झेब्रा हा घोड्याचा सख्खा नातलग. तेव्हा आपल्या पागेत ही जोडी आणणं म्हणजे जुने शेजारी पुन्हा भेटवणं आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने आपल्या हवामानासाठी तिचे कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी असे वाण तयार केले आहेत. नावं ठेवणाऱ्याचं कौतुक वाटतं.

गिनीचा नर एकाच सुराचं ‘ची-ची-ची’ करत राहतो. मादीला दोन सुरांची हाक येते, पहिला आखूड आणि दुसरा वर चढणारा. एरवी नर-मादी ओळखणं अवघड, म्हणून पाळणारे डोळ्यांऐवजी कानांनी ओळखतात. अनोळखी माणूस, नवं कुत्रं, साप, उलटी ठेवलेली बादली, काल नसलेली मोटारसायकल, कशावरही सगळा थवा मिळून ओरडतो. मोटारसायकलच्या आरशात स्वतःला पाहून नर चोची मारत भांडत बसतात. एकजण धावला की सगळे रांगेने त्याच्या मागे, आणि पहिला का धावला हे कुणालाच माहीत नसतं. तासभर पाहत बसावं असा हा खेळ असतो. पण ज्यांना दुपारी झोप प्रिय आहे त्यांनी हा पक्षी पाळू नये. गल्लीत घराला घर लागून असेल तर मुळीच पाळू नये, शेजारपण त्याहून मोलाचं आहे. गावाबाहेरचा मळा, मळ्यात घोडी आणि चार गिनी कोंबड्या, ही बेतशीर जुळणी.

गिनीची मादी आई म्हणून बेभरवशाची. दवाने ओल्या गवतातून पिल्लं फरफटत नेते आणि गारठलेली पिल्लं वाटेत मरतात. म्हणून जाणते लोक तिची अंडी खुडूक बसलेल्या गावरान कोंबडीखाली ठेवतात. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, गिनीची २६ ते २८ दिवसांत. तेवढा जास्तीचा आठवडा कोंबडीला बसवून ठेवणं, तिला जागेवरच दाणा-पाणी देणं, ही आपली जबाबदारी. अशी वाढलेली पिल्लं संध्याकाळी घराकडे परततात. नुसती मोकळी वाढलेली पिल्लं सहा-सात आठवड्यांनी झाडावर चढतात आणि मग तुमची राहत नाहीत.

गोचिडांसाठी गिनी पाळा, असा सल्ला सर्रास दिला जातो. १९९२ साली अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर झालेल्या अभ्यासात गिनी चरलेल्या हिरवळीवर मोठ्या गोचिडी कमी सापडल्या होत्या, हे खरं. पण पुढच्या अभ्यासांत बारीक, अर्धवट वाढलेल्या गोचिडी कमी झालेल्या दिसल्या नाहीत. तेव्हा घोड्याच्या कानांत, शेपटीच्या मुळाशी आणि मांडीच्या आत हात घालून रोज पाहणं चुकत नाही. खरारा करताना हे आपोआप होतं.

पक्ष्यांचा खरा उपयोग लिदीत आहे. चांगल्या अंगाचा घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो. उन्हाळ्यात माशी त्यात अंडी घालते आणि दहाएक दिवसांत नवी पिढी उडायला लागते. माशा नुसता त्रास देत नाहीत. काही माशांबरोबर जंताच्या अळ्या घोड्याच्या जखमेवर उतरतात आणि पावसाळ्यात ती जखम चिघळत राहते. उत्तरेकडचे घोडेवाले तिला ‘बरसाती’ म्हणतात. चावणाऱ्या मोठ्या माश्या सर्रा पसरवतात. या रोगाचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माइल खान इथे आजारी घोड्याउंटांच्या रक्तात पहिल्यांदा पाहिला. कोंबड्या लिदीचा गोळा उकरतात, अळ्या वेचतात आणि उरलेली लीद पातळ पसरून उन्हात वाळते. फर्दापूरच्या एप्रिल-मे महिन्यातल्या उन्हात अशा वाळलेल्या लिदीतली जंतांची अंडी-अळ्याही टिकत नाहीत. पावसाळ्यात मात्र गणित उलटं होतं. ओल्या हवेत पसरलेली लीद म्हणजे सगळ्या चराईवर पेरलेले जंत. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत लीद रोज उचलून खड्ड्यात न्यावी आणि कोंबड्यांना उकरायचं असेल तर खड्ड्याच्या काठावर उकरू द्यावं.

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहावं असं मला वाटलं, त्या गोष्टीकडे येतो. कोंबडीचं खाद्य घोड्याला मारतं. हे वाक्य तबेल्याच्या दारावर लिहून ठेवावं. बाजारात पोत्याने मिळणाऱ्या कोंबडीखाद्यात, विशेषतः ब्रॉयलरच्या, रक्ती हगवण रोखण्यासाठी मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती सोसतात. घोड्याला सोसत नाहीत. त्याच्या दर किलो वजनामागे २ ते ३ मिलिग्रॅम मोनेन्सिन जीव घ्यायला पुरतं. कोंबडी याच्या कित्येक पट मात्रा पचवते. हे औषध घोड्याच्या हृदयाचे स्नायू जाळतं. त्यावर उतारा नाही. वाचलेला घोडाही पुढे ओझं घेऊन चालताना अचानक कोसळू शकतो. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. अन्ननलिका जठरात उघडते तिथे इतका घट्ट स्नायू असतो की पोटात गेलेलं परत वर येत नाही. कुत्र्याने खाल्लेलं चुकीचं काही वेळा बाहेर पडतं, घोड्याचं आतच राहतं.

आणि घोड्याला कोंबडीखाद्य आवडतं. भरडलेला मका, सोयाबीन, गोडसर वास. सुटलेली घोडी रात्री सरळ पोत्यापाशी जाते. म्हणून कोंबडीखाद्य वेगळ्या खोलीत, झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात, कडी लावून. दोन्ही खाद्यांचं माप एक नको, घमेलं एक नको. अंगणात कोंबड्यांना टाकायचं असेल तर ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी टाकावी. घोड्याच्या तोंडी गेली तरी फार बिघडत नाही. जुन्या काळी हा धोका नव्हता, कारण कोंबडीला वेगळं खाद्यच नव्हतं. घोड्याचं सांडलेलं ती वेचायची. दाण्याबद्दल पूर्वीचे लोक किती काटेकोर असत, हे शिवाजी महाराजांच्या चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात दिसतं. दाणा आत्ताच उधळला तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीच पेटतील, इतक्या बारकाव्याची ताकीद त्यात आहे. राज्य चालवणाऱ्या माणसाला पागेतल्या उंदराची काळजी होती.

राहिलेली पथ्यं थोडक्यात. पक्ष्यांची रात्रीची बसायची जागा गव्हाणीवर किंवा पाण्याच्या हौदावर असू नये. शिटेतून साल्मोनेलासारखे जंतू दाण्यात जातात. खुराडं तबेल्याला चिकटून नको, कारण कोंबड्यांचे रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा फटींत लपतात आणि रात्री घोड्यावर चढतात. सकाळी घोडा अंग घासत असेल आणि कारण सापडत नसेल तर आधी खुराड्याच्या फटी पाहाव्यात. मेलेलं पाखरू चाऱ्यात राहता कामा नये. त्यातून होणारी विषबाधा घोड्याला पार लुळा करते. आणि बाजारातून आणलेले नवे पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. ते घाव तिथल्या लोकांनी भोगले आहेत.

याच नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची मोठी जत्रा भरते. मार्गशीर्षातच नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा असते, तिथेही घोड्यांचा बाजार असतो. जत्रेत गेलं की वाटतं, घोडा अजून भरपूर आहे. २०१९ च्या पशुगणनेने वेगळं सांगितलं. देशातले घोडे आणि तट्टं मिळून जेमतेम ३ लाख ४० हजार उरले होते, आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा ४५.६ टक्क्यांनी कमी. त्याच सात वर्षांत परसातल्या कोंबड्या ४५.८ टक्क्यांनी वाढून ३१ कोटी ७० लाखांवर गेल्या. जेवढ्या वेगाने एक गेला तेवढ्याच वेगाने दुसरी आली. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी ठेवतो तेव्हा मला आपली अंगणं दिसतात. खुंटा रिकामा आहे आणि त्यावर कोंबडी बसली आहे.

उरलेल्या घोड्यांपैकी कितीतरी आपल्याकडे लग्नाच्या वरातीत चालतात. बँडचा दणका, ढोलताशे, डोळ्यांवर येणारे दिवे, पायांशी फुटणारी माळ. घोड्याच्या कानांना आणि डोळ्यांना याहून वाईट जागा सापडणार नाही. त्यासाठी काही ठिकाणी घोडीला उपाशी ठेवून मवाळ करतात, तोंडात काटेरी लगाम घालतात. काटेरी लगामावर भारतात कायद्याने बंदी आहे. ज्याला हा धंदा करायचाच आहे त्याने घोडीला शिंगरू असल्यापासून आवाजात वाढवावं, सावकाश, मोकळं ठेवून, आईजवळ. आरवणारा कोंबडा, ओरडणारी बदकं आणि एका बादलीवरून आकाश डोक्यावर घेणाऱ्या गिनी कोंबड्या हे त्या शिक्षणातले सगळ्यांत स्वस्त मास्तर आहेत. फटाक्यांची माळ मात्र कुठल्याच घोडीच्या पायांशी लावू नये. तिची सवय होत नसते.

दिवेलागणीला अंगणाचा आवाज बदलतो. कोंबड्या खुराड्याच्या दाराशी जागेवरून भांडतात. गिनी कोंबड्या कडुनिंबाच्या झाडाखाली येऊन मान वर करकरून अंदाज घेतात, मग एकेक करून फांदीवर उडतात. शेवटची चढली नाही तोवर वरच्या सगळ्या तिला हाका मारत राहतात. मग आवाज विरत जातो. घोडा उभ्याउभ्याही डुलकी घेतो, पण गाढ झोपेचा एक टप्पा त्याला आडवं पडल्याशिवाय मिळत नाही आणि आडवा घोडा म्हणजे पळू न शकणारा घोडा. म्हणून आजूबाजूला कुणी जागं आहे अशी खात्री पटली तरच तो पडतो. जंगलात ते काम कळपातला दुसरा घोडा करतो. एकटी घोडी असलेल्या मळ्यात रात्री दोन-अडीचच्या सुमाराला जाऊन पाहावं. घोडी कुशीवर पडलेली असते, पाय सरळ पसरलेले, खालचा ओठ सैल. वर निंबाच्या फांदीवर चार काळे गोळे. आपली चप्पल वाळूवर वाजते आणि वरून एक हलकासा, अर्धवट झोपेतला ‘च्यीर्र’ येतो. घोडीचा एक कान आपल्याकडे वळतो, थोडा वेळ तसाच राहतो आणि परत सैल पडतो.